म्हातारीच्या हातावर सोन्याचं नाणं: फँटसी रोलप्लेइंगमध्ये या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या इंदूरच्या गटाचं कॅम्पेन, म्हणजे कित्येक बैठका चालणारी खेळातली गोष्ट, एका म्हातारीच्या झोपडीपाशी येऊन थांबलं. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, चिंब भिजलेली होती. म्हातारीने लोटाभर ऊन दूध दिलं आणि आमच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, तिच्या हातावर सोन्याचं नाणं ठेवलं. 'असू दे आजी, ठेवा.' मी डीएम, म्हणजे खेळाचं जग आणि त्यातली बाकीची माणसं चालवणारा. म्हातारीकडून आशीर्वाद वदवला आणि खेळ पुढे नेला. पण रात्री घरी आल्यावर मला झोप लागेना. ती बाई त्या नाण्याचं करणार काय? ते मोडायला कुठे जाणार? गावात कोणी 'कुठून आणलंस' म्हणून विचारलं तर? सहा महिने मी ते जग चालवत होतो आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

पुढे दोन-तीन ओळखीच्या गटांचे सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, बसून पाहिले. दुखणं सगळीकडे तेच. पाचव्या-सहाव्या सेशनपर्यंत खेळाडू दर विचारायचं सोडून देतात, आणि मग गाव नुसता पडदा उरतो.

सगळं सोन्यात मोजणं

ही मूळ चूक. बाकीच्या हिच्यातूनच निघतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीतलं दरपत्रक उघडा. 1 सोन्याचं नाणं म्हणजे 10 चांदीची, म्हणजेच 100 तांब्याची. अकुशल मजुराला दिवसाला 2 चांदी, कारागिराला 2 सोनं. शेळी 1 सोनं, गाय 10, लांब तलवार 15, पूर्ण पोलादी चिलखत 1,500. आता हेच आकडे मजुरीच्या दिवसांत मांडा. शेळी 5 दिवसांची. गाय 50 दिवसांची. तलवार 75 दिवसांची. चिलखत 7,500 दिवसांचं, म्हणजे एक पैसाही न खर्चता वीस वर्षांहून जास्त. गढीच्या दारावर उभा असलेला पहारेकरी असं चिलखत घालून उभा राहील का, हे तुम्हीच ठरवा.

आता खऱ्या इतिहासाकडे बघू. 1344 पासून इंग्लंडमध्ये नोबल नावाचं सोन्याचं नाणं पाडत, किंमत 80 पेनी. त्या सुमारास साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेनी मिळत. म्हणजे एक नाणं चाळीस-पन्नास दिवसांच्या घामाचं. आपल्याकडे अकबराच्या काळात 40 दामांचा रुपया आणि सुमारे 9 रुपयांची मोहोर. आईन-ए-अकबरी या त्या काळच्या ग्रंथात खालच्या मजुराची रोजची मजुरी 2 दाम, पहिल्या प्रतीच्या सुताराची 7 दाम आणि गव्हाचा दर मणाला 12 दाम दिला आहे. या हिशेबाने चांदीचा एक रुपया म्हणजे 20 दिवसांची मजुरी आणि मोहोर म्हणजे निम्मं वर्ष. खेळातलं सोन्याचं नाणं मात्र 5 दिवसांत मिळतं. अकबराच्या चांदीच्या रुपयाहूनही ते स्वस्त आहे! मग खेळाडू ते चिल्लर समजून फेकणारच. त्यात त्यांचा काय दोष?

उपाय सोपा आहे. अख्खं दरपत्रक एक पायरी खाली उतरवा, मजुरीसकट. जिथे सोनं लिहिलंय तिथे चांदी वाचा, चांदीच्या जागी तांबं. मजुराला दिवसाला 2 तांब्याची नाणी, शेळीला 1 चांदी. तांब्याखाली आणखी एक बारीक नाणं लागतं. मी त्याला दमडी म्हणतो, 10 दमड्यांचं एक तांब्याचं नाणं. लूटही त्याच प्रमाणात उतरवायची. आता सोन्याचं नाणं 50 दिवसांचं झालं, जवळजवळ नोबलच. आमच्या टेबलावर हा बदल केल्यावर पहिल्यांदा सोनं निघालं तेव्हा ते नाणं कोणाच्या थैलीत राहणार यावर वीस मिनिटं चर्चा चालली. ती वीस मिनिटं मला कुठल्याही ड्रॅगनपेक्षा प्रिय आहेत.

एकाच गोष्टीला मात्र डोळे मिटून हात लावू नका: वेगवेगळ्या मालांच्या किमतींमधलं अंतर. दरपत्रकात कोंबडी 2 तांब्याची आणि पौंडभर मिरी 2 सोन्याची, म्हणजे शंभर कोंबड्यांच्या किमतीची. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, ही म्हण तिथे शब्दशः खरी आहे. मिरी लांबून, समुद्रावरून येते, कोंबडी अंगणात फिरते. ते अंतर तसंच ठेवा. व्यापाऱ्यांचे तांडे आणि त्यांच्या मागावरचे दरोडेखोर त्यातूनच येतात.

गरीब म्हणजे रिकामं घर, असं समजणं

खेळाडू शेतकऱ्याच्या घराची झडती घेतात आणि डीएम सांगतो, '3 तांब्याची नाणी सापडली.' इथे माझा जीव तुटतो. कारण त्या घरात पुष्कळ काही असतं, फक्त ते थैलीत नसतं.

कणगीत धान्य असतं. उतरंडीखाली चार भांडी असतात. सुनेच्या पायात चांदीचे वाळे असतात. ते नुसते दागिने नव्हेत, ती घराची पेढी आहे, अडीनडीला गहाण पडते आणि सुगीनंतर सुटते. गोठ्यात बैल असतो. आणि सगळ्यात मोठी संपत्ती डोळ्यांना दिसतच नाही: कोणाचं कोणाकडे काय येणं आहे ते.

आपल्या पूर्वजांच्या गावगाड्यात लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट रोजच्या कामाचे रोख पैसे मागत नसत. वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि खळ्यावर रास पडली की आपलं बलुतं घ्यायचं. असा लोहार तुमच्या खेळात आणून बघा. पार्टी घोड्याचा नाल ठोकून मागते आणि लोहाराकडे दरच नसतो. गावकऱ्यांचं काम तो बलुत्यावर करतो, परक्याला काय सांगावं हे त्याला सुचत नाही. तो म्हणेल, 'लोखंड असेल तर द्या.' दरपत्रकात पौंडभर लोखंड 1 चांदीचं आहे आणि पार्टीने मारलेल्या गॉब्लिनांच्या गंजक्या कोयत्यांचं ओझं त्यांच्याच खोगिराला लटकलेलं असतं.

बियाण्याचंही असंच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गव्हाचं एक पोतं पेरलं की साधारण 4 पोती हाती येत. त्यातलं 1 पुन्हा पेरायला ठेवायचं, दहावा हिस्सा चर्चचा, मग जमीनदाराचा खंड. उरलं ते घराचं. म्हणून कोठार जळालं तर नुसती या वर्षीची भाकरी जात नाही, पुढच्या वर्षीचं शेतही जातं. पार्टी भुकेली आली आणि यजमानाने 'खा' म्हणून पुढे ठेवलेलं धान्य बियाण्याचं होतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळू द्या.

आणखी एक हिशेब. खेळाच्या नियमांत गरिबीत राहण्याचा रोजचा खर्च माणशी 2 चांदी आहे, म्हणजे मजुराची अख्खी मजुरी. मग बायको, पोरं, म्हातारी आई? त्यांचं पोट कशावर? याचं उत्तर शोधायला बसलं की सूत कातणारी बाई, गुरं राखणारा पोरगा, सरपण विकणारी आजी आपोआप दिसू लागतात. एकट्या माणसाची कमाई मोजू नका, घराची मोजा.

सोनं आलं आणि काहीच घडलं नाही

पार्टी खूश होऊन गावाला 500 सोन्याची नाणी देते. मूळ दरांनी ती अडीच हजार दिवसांची मजुरी. पण गावातलं धान्य सुगीपर्यंत तेवढंच आहे. पैसा वाढला, दाणा वाढला नाही, म्हणून भाव चढणार, आणि ज्याला वाटा मिळाला नाही तो आधी उपाशी पडणार. करवसुलीला येणाऱ्या कारकुनाच्या कानावर हे जाईल, तसंच रानातल्या टोळीच्याही.

नाणं मोडणंही सोपं नसतं. होळकरांच्या टांकसाळी मल्हारनगरला, म्हणजे आपल्या इंदूरला, आणि महेश्वरला होत्या. रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं. शेजारच्या संस्थानांची नाणी वेगळी, वजन-कस वेगळा, म्हणून परकं किंवा झिजलेलं नाणं घेताना सराफ बट्टा कापत. नावाला बट्टा लागतो तो इथूनच. तुमच्या जगातही हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातून काढलेलं नाणं सराफ कसोटीवर घासेल, तोलेल आणि 'कुठून आणलं' विचारेल. आपल्या इंदूरच्या सराफ्यात दिवसा एखाद्या जुन्या पेढीवर दहा मिनिटं बसा, रात्री नव्हे, रात्री तिथे खाण्याचीच गर्दी. तो प्रसंग रंगवायला दुसरं काही लागणार नाही.

दमडी-दमडीचा हिशेब

ही उलट्या टोकाची चूक. मीही दोन सेशन प्रत्येक मेणबत्ती लिहून घेतली आणि सगळे कंटाळले. रोजच्या राहणीमानाचा ठोक खर्च थैलीतून वजा करा आणि दर फक्त तिथे सांगा जिथे निवड करावी लागते.

कॅम्पेन आधीच बिघडलं असेल तर

पार्टीकडे 20,000 सोन्याची नाणी जमली आहेत आणि आता काय, असं मला बरेचदा विचारतात. चोर पाठवून ती काढून घेऊ नका. खेळाडूंनी ती कमावली आहेत, त्यांचा विश्वास उडेल. आधी वजन विचारा: नियमाप्रमाणे 50 नाण्यांचा एक पौंड, म्हणजे हा ऐवज 400 पौंड, 180 किलोच्या वर. गाडी लागेल, बैल लागतील, राखणीला माणसं लागतील.

मग खर्चाला मोठी जागा द्या. अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये पुन्हा उभं केलं, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, आणि खासगीचा पैसा दौलतीच्या पैशापासून वेगळा ठेवला. पार्टीला एखादी विहीर बांधू द्या. मूळ दरांनी 10 मजूर 60 दिवस, 120 सोनं. एक गवंडी 60 दिवस, आणखी 120. दगड-चुना वेगळा. मग विचारा की विहीर कोणाच्या शिवारात खणायची आणि पाणी कोणी भरायचं. आमच्या गटात या एका प्रश्नावर तीन सेशन झाले आणि एकदाही तलवार उपसली गेली नाही.

म्हातारीकडे मी परत गेलो. पुढच्या सेशनला तिने ते नाणं पॅलाडिनला परत केलं. म्हणाली, 'बाबा, हे माझ्या घरात सापडलं तर मला चोर ठरवतील. शेरभर मीठ असेल तर दे.' दरपत्रकात पौंडभर मीठ 5 तांब्याचं. पार्टीच्या पिशव्यांत जादूची औषधं होती, दोर होते, तीन तलवारी होत्या. मीठ नव्हतं. पॅलाडिनने घोड्यावर खोगीर चढवलं आणि विचारलं, 'आजी, आठवड्याचा बाजार कुठल्या गावाला भरतो?'