सॅन स्टॉर्म घ्यायची आणि पळती ठेवायची कशी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन मोटर्सने एक छोटी टू-सीटर काढली, सॅन स्टॉर्म. उघडं छत, फायबरची बॉडी, पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बनल्याच अगदी थोड्या, त्यामुळे एखादी विकायला निघाली की फोटो बघून माणूस येडा होतो. मी झालो, घेतलीही, आणि मग कळलं की आपण सगळं उलट्या क्रमाने केलं. तुम्ही सरळ क्रमाने करा.

१. गाडीच्या आधी माणसं शोधा

दोन माणसं लागतात. एक मेकॅनिक, जो जुनं फ्युएल इंजेक्शनचं रेनॉ इंजिन बघून पळणार नाही. दुसरा फायबरवाला, आणि हा गॅरेजमध्ये शोधू नका, बंदरावर शोधा. गोव्यात, मालवण-रत्नागिरीकडे मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणारे असतात ना, त्यांच्या हातात जे काम आहे ते शहरातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नाही, तो बिचारा पुटी थापून मोकळा होतो आणि सहा महिन्यांत क्रॅक परत वर.

२. कागद

आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून बघा. मधल्या मालकाने दुसरं इंजिन टाकलं असेल आणि ते आरसीवर चढलेलं नसेल तर तिथूनच परत फिरा. जीए म्हणजे गोवा पासिंगची गाडी महाराष्ट्रात आणायची तर एनओसीसाठी फॉर्म २८, ट्रान्सफरला २९ आणि ३०. पंधरा वर्षं उलटलेली असल्याने आरसी रिन्यू आहे का हेही बघा, तो फॉर्म २५. कोणीतरी नक्की म्हणणार, "विंटेज नंबर घेऊन टाक." नाही मिळत. २०२१ च्या नियमात त्यासाठी गाडी ५० वर्षं जुनी लागते, स्टॉर्म जेमतेम अर्ध्या रस्त्यात आहे.

३. बघायला जाताना

पत्र्याच्या गाडीत पुटी शोधायला नेतात ते लोहचुंबक घरी ठेवा, फायबरवर त्याचा उपयोग शून्य. एक रुपयाचं नाणं न्या आणि बॉडीवर हलकं ठोकत जा, टकटक आवाज आला तर ठीक, मधेच थबथब झाला तर आत थर सुटलाय किंवा पुटी आहे. दाराच्या बिजागऱ्यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात त्या बघा. पण खरी भीती खाली आहे. वरून फायबर चकाचक आणि आत लोखंड सडलेलं, असं होऊ शकतं कारण झाकलेलं दिसतच नाही. गाडी लिफ्टवर घ्या, टॉर्च मारा, बॉडी जिथे बोल्टने बसलीय तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

४. घरी आल्यावर

टायमिंग बेल्ट, कूलंटचे होज, ब्रेक ऑइल, सगळं बदला, किलोमीटर किती झाले ते विसरा, रबर वयाने मरतं. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ३४१२ म्हणजे २०१२ चा ३४ वा आठवडा, नक्षी कितीही छान असो फेकून द्या. पेट्रोलचे रबरी पाइपही नवे, इथेनॉल चालणारे घ्या, आता पंपावर बहुतेक ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

५. अर्थिंग

ह्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. पहिल्या पावसात डावा इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइट पण लुकलुकायचा. एका इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, पैसे घेतले, काही नाही. कारण साधं होतं. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची काळी वायर पार लोखंडापर्यंत जाते आणि तिथला बोल्ट गंजला की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. सगळे अर्थ पॉइंट सोडवा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावा, वर ग्रीस. अर्ध्या दिवसाचं काम.

६. फायबरची चीर

पावसाळ्यात हात लावू नका, ओलाव्यात रेझिन नीट सुकत नाही. चीर व्ही आकारात उघडा, असिटोनने पुसा, आतल्या बाजूने मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचे दोन-तीन थर देऊन रोलरने हवा काढा, मगच बाहेरून फिनिशिंग. हार्डनर रेझिनच्या साधारण १ ते २ टक्के. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं) सुटं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि नंतर हार्डनर टाका, कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीच नाही, भडका उडतो. घासताना मास्क आणि फुल बाह्या, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

७. इन्शुरन्स

पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवता, तेव्हा फोटो आणि बिलं घेऊन बसा. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी फायबरच्या भागावर ३० टक्के डेप्रिसिएशन (घसारा) कापतात, आणि इथे अख्खी बॉडीच फायबर!

८. वही

अशा हाताने बांधलेल्या गाड्यांत बरेच सुटे भाग दुसऱ्या गाड्यांचे असतात. कुठला भाग कशाचा निघाला ते वहीत लिहा, नंबर आणि फोटोसकट. आणि जुन्या पार्ट्सच्या बाजारात "सॅन स्टॉर्मचं आहे का" असं विचारू नका, तो मान वर न करता नाही म्हणतो. जुना पार्ट काढून त्याच्या हातात द्या. दोनदा उलटासुलटा करून बघेल, आत जाईल आणि घेऊन येईल.