जुनं कार्ड मेलं म्हणण्याआधी

आयसा (ISA, जुन्या पीसीतला कार्ड खोचायचा स्लॉट) कार्ड बसवल्यावर जुना पीसी चालूच होत नसेल, पंखा जेमतेम हलून थांबत असेल, तर पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नका. पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय, म्हणजे बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. कार्ड काढा आणि मल्टिमीटरने कार्डाच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांपैकी बी१ (ग्राउंड) आणि बी९ (+१२ व्होल्ट) यांच्यामधला रोध मोजा. मग बी१ शी बी३ (+५) आणि बी७ (-१२) हेही तपासा. आकडा जवळपास शून्य आला तर पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर, तो पिवळा किंवा निळा, थेंबाच्या आकाराचा. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा लावलेला असेल तर नवा २५ चा घाला. आणि ध्रुव नीट बघा: टँटलमवरची खूण धन टोकाची असते, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या उलट. इथे भलेभले फसतात, मीही एकदा धूर काढलाय.

शॉर्ट नसेल तर सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॉकेटमधल्या चिपा अंगठ्याने दाबून बसवा. एवढ्यावर बरीच कार्डं उठतात. तरी साउंड कार्ड गप्पच? मग जंपर (कार्डावरची सेटिंग बदलायची छोटी टोपी) पाहा; आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ७ वर असेल तर प्रिंटर पोर्टशी भांडण असू शकतं, ५ वर करून बघा.