प्रथिनांचं कूळ शोधताना क्रम कसे जुळवावेत

नाईक आडनाव गोव्यात गावोगावी सापडतं, म्हणून सगळे नाईक एकाच वांगडातले ठरत नाहीत. प्रथिनांचंही तसंच आहे. नातं असतं किंवा नसतं. ‘४० टक्के समजात’ (समजात म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेलं) असं लिहिणं चूक. टक्के असतात ते क्रमातल्या अक्षरांच्या जुळणीचे; प्रथिनाच्या क्रमात एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल.

सरावाला हिमोग्लोबिन घ्या. युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन संग्रहावरून माणसाची अल्फा साखळी (पी६९९०५), बीटा (पी६८८७१) आणि स्नायूंतलं त्यांचं नातेवाईक प्रथिन मायोग्लोबिन (पी०२१४४) फास्टा स्वरूपात, म्हणजे क्रमाच्या साध्या मजकूर-फाइलीत, उतरवून घ्या (कंसात नोंद क्रमांक). मग ब्लास्टपी या प्रथिनक्रम शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये अल्फा देऊन माशाची अल्फा शोधा, बीटा देऊन बीटा. बांगड्याची मिळाली तर उत्तमच, नाहीतर झेब्राफिशची घ्या. हाती जनुकाचा डीएनए असला तरी त्याचं प्रथिनात भाषांतर करूनच शोधा. डीएनएत अक्षरं चारच, आणि कोडॉनची (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांच्या गटाची) तिसरी जागा इतकी भराभर बदलते की जुनं नातं पुसून जातं.

ई-व्हॅल्यू, म्हणजे इतक्या चांगल्या जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील तो आकडा, ०.००१ च्या खाली हवी. जुळणी साखळीच्या किती लांबीवर पसरलीय तेही बघा, कारण दोन मोठ्या प्रथिनांत एकच डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडी पडणारा भाग) सामाईक असेल तर नातं तेवढ्या डोमेनपुरतंच.

आता पाचही क्रम मॅफ्ट या जुळणीच्या प्रोग्राममध्ये एकत्र जुळवा आणि डोळ्यांनी तपासा. हा टप्पा कधीच गाळू नका. लोहाला धरून ठेवणारं हिस्टिडिन अल्फात ८८व्या, बीटात ९३व्या, मायोग्लोबिनात ९४व्या जागी असतं, सुरुवातीचं मेथिओनिन धरून. हे तिन्ही ‘एच’ (हिस्टिडिनचं अक्षर) एकाच उभ्या रांगेत आले नाहीत, तर जुळणी घसरली असं समजा. अशा वेळी आधी एखादा क्रम अर्धवट तर उतरला नाही ना, ते पाहा.

वंशवृक्ष आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये काढा, अतिजलद बूटस्ट्रॅप (फांद्या किती भक्कम आहेत ते पुन्हा पुन्हा नमुने घेऊन तपासणं) १००० ठेवून. ज्या फांदीला ९५ किंवा जास्त आधार आहे तिच्यावरच भिस्त ठेवा. वृक्षाचं मूळ प्रोग्राम ठरवत नाही. ते मायोग्लोबिनच्या फांदीवर तुम्ही ठेवायचं.

वृक्ष नीट आला तर माशाची अल्फा त्याच माशाच्या बीटाला सोडून माणसाच्या अल्फाशेजारी बसते. म्हणजे मूळ जनुकाची दुसरी प्रत मासा आणि माणूस वेगळे होण्याआधीच तयार झाली होती. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: माशाची अल्फा माणसाच्या बीटाशी ताडली, तर हाती लागतो जनुकाच्या दुपटीचा काळ, आणि तो जातींच्या फाटाफुटीचा समजला जातो.

नात्याच्या खातरजमेला माणसाची या प्रथिनांची तिन्ही जनुकं उघडा. प्रत्येकात तीन एक्झॉन (अंतिम संदेशात राहणारे तुकडे), दोन इन्ट्रॉन (मधले कापून टाकले जाणारे तुकडे), आणि प्रथिनांच्या जुळणीवर ते इन्ट्रॉन त्याच दोन जागी पडलेले दिसतील.