टायटॅनियमच्या हीट ट्रीटमेंटमध्ये या चुका टाळा (हात जोडतो)

"सर, सहा-चारचा बीटा ट्रान्सस ९९५." हे नव्या पोरांना कोण पाठ करायला लावतं कुणास ठाऊक. (सहा-चार म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवालं टायटॅनियम. अल्फा आणि बीटा हे धातूच्या आतल्या रचनेचे दोन प्रकार, आणि ज्या तापमानाच्या वर सगळं बीटा होतं तो बीटा ट्रान्सस, सेल्सियसमध्ये.) अरे, तो ढोबळ आकडा आहे, तुझ्या हातातल्या हीटचा, म्हणजे एका वितळणीतल्या मालाचा, नाही! शुद्ध टायटॅनियमचं अल्फाचं बीटा ८८२ डिग्रीला होतं, ॲल्युमिनियम नि ऑक्सिजन तो आकडा वर ढकलतात, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, लोखंड खाली ओढतात. त्यात ऑक्सिजनकडं कुणी बघत नाही, कारण सर्टिफिकेटवर तो ०.१ वगैरे किरकोळ दिसतो. ॲल्युमिनियम इक्विव्हॅलंट (अल्फा टिकवणारे सगळे घटक ॲल्युमिनियमच्या हिशेबात मोजणारा आकडा) काढताना त्याला १० नं गुणतात, आता बोला.

आमच्याकडं सहा-चारचा एक जॉब कायम ९७० ला सोल्युशनिंगला (ट्रान्ससच्या जरा खाली तापवून झटकन थंड करायला) जायचा. एकदा बार आला ईएलआयचा (सहा-चारचाच कमी ऑक्सिजनवाला प्रकार), ऑक्सिजन ०.११ टक्के. पोरानं सेटिंग तीच ठेवली, "सहा-चारच आहे ना सर". नाव तेच, पण ईएलआयचा ट्रान्सस ९७५-९८० च्या आसपास, वर आमच्या भट्टीचा मागचा कोपरा डिस्प्लेपेक्षा दहा-बारा डिग्री गरम. क्रोल (रचना उघडी करणारं ॲसिड) लावून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर प्रायमरी अल्फाचे (तापवतानाही न विरघळता उरलेल्या अल्फाचे) गोल दाणे गायब, नुसती टोपली विणल्यासारखी जाळी. ते दाणे परत तापवून येत नाहीत, पुन्हा फोर्जिंगच करावं लागतं, आणि मशीन झालेला जॉब फोर्ज कसा करणार? अठरा पीस भंगारात.

तेव्हापासून मी प्रत्येक हीटच्या बारचे सुपारीएवढे तुकडे कापतो, पाच-पाच डिग्रीच्या फरकानं अर्धा तास ठेवतो आणि पाण्यात टाकतो. ज्या तापमानाला प्रायमरी अल्फा दिसेनासा होतो तो त्या हीटचा ट्रान्सस. रसायनावरून ट्रान्सस काढणारा एक्सेलचा फॉर्म्युला फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. भट्टीतून बादलीपर्यंत मात्र धावत जायचं, वाटेत रेंगाळलात तर नवा अल्फा उगवतो, तोच प्रायमरी समजून ट्रान्सस जास्त लिहिला जातो.

दुसरं, स्टीलवाल्यांची सवय. पाण्यात मारलं, मार्टेन्साइट (झटकन थंड केल्यावर होणारी सुईसारखी रचना) झालं, म्हणजे कडक झालं! इथं ते कार्बननं ताणलेलं नसतं, त्यामुळं हार्डनेस थोडासाच वाढतो. खरी ताकद नंतर ५०० च्या वर एजिंग करताना (काही तास तापवून ठेवताना) येते, तिथंच "दोन तास कमी केले तर चालेल का" विचारणारे येतात. नाही चालणार.

लोखंड ०.३ टक्क्याच्या आत आहे म्हणून सोडून देऊ नका, मॉलिब्डेनम इक्विव्हॅलंटमध्ये (बीटा टिकवणाऱ्या घटकांचा तसाच हिशेब) त्याचा गुणांक २.९ आहे. दहा-दोन-तीनमध्ये (१० व्हॅनेडियम, २ लोखंड, ३ ॲल्युमिनियम) तर लोखंड एका जागी साचून बीटा फ्लेक्स, म्हणजे नुसत्या बीटाचे ठिपके, होतात, तिथला ट्रान्सस आजूबाजूपेक्षा कमी.

बीटा अलॉयला (ज्यात थंड झाल्यावरही बीटाच टिकतो) ३००-४०० ला एजिंग करून हार्डनेस चांगला आला म्हणून खूश होऊ नका, तो ओमेगा नावाच्या ठिसूळ रचनेचा असतो, पीस काचेसारखा फुटतो.

आणि हवेत तापवलेल्या पीसचा हार्डनेस वरची अल्फा केस (ऑक्सिजन शोषून कडक झालेला थर) न काढता घेऊन माझ्याकडं येऊ नका.