गाठ सोडण्यापूर्वी: जुने दफ्तर मंडळाकडे आणण्याची तयारी

फोंडा, डिचोली किंवा पेडणे भागातील एखाद्या जुन्या घराचे दफ्तर इतिहास मंडळाने स्वीकारायचे ठरविले, की पहिला प्रश्न मालकीचा येतो. वडिलोपार्जित घर बहुधा अनेक भावाबहिणींच्या सामायिक हक्काचे असते, त्यामुळे गावात राहणाऱ्या एका काकांनी मान डोलावली म्हणजे सर्वांची संमती मिळाली, असे समजू नये. चतुर्थीला सारी भावकी घरी जमते. त्या वेळी दानपत्राचा मसुदा वाचून दाखवावा आणि सर्व भागीदारांच्या सह्या घ्याव्यात. कागद कायमचे दिले की केवळ सांभाळण्यासाठी, प्रती कोणाला द्याव्यात, खासगी पत्रे किती वर्षे बंद ठेवावीत, हे त्यातच स्पष्ट लिहावे. कागद मात्र त्या दिवसांत उचलू नयेत, कारण भाद्रपदातील दमट हवेत बस्ते उघडले की बुरशी धरते. दिवाळी होऊ द्यावी आणि मग जावे.

सोबत काय न्यावे, हे सांगण्याची फारशी गरज नाही: मऊ ब्रश, पेन्सिली, पुठ्ठ्याची खोकी, नाकातोंडावर बांधायला फडके. शाईचे पेन खिशातही ठेवू नये.

आता मुख्य मुद्दा. रुमालाची, म्हणजे कागद कापडात बांधलेल्या बस्त्याची, गाठ सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि नोंद करावी. तो कोणत्या खोलीत, कोणत्या पेटाऱ्यात, वरून कितवा होता, त्यावर चिठ्ठी होती का, हे सारे गाठ सुटण्याच्या आधी वहीत उतरले पाहिजे. गाठ सुटल्यावर प्रत्येक कागदाच्या मागील कोपऱ्यात, तो ज्या क्रमाने हाती आला त्याच क्रमाने, पेन्सिलीने हलका आकडा घालावा. मागील खेपेस आमच्याकडून नेमके हेच राहिले. उत्साही सभासदांनी ओसरीवर चटई अंथरून पोर्तुगीज कागद एकीकडे, मोडी दुसरीकडे आणि देवनागरी तिसरीकडे असे सुबक गठ्ठे लावले, आणि सर्वांनी त्याचे कौतुकही केले. परंतु गोव्यातील घरचा रुमाल भाषेप्रमाणे बांधलेला नसतो, तो प्रकरणाप्रमाणे बांधलेला असतो. एखाद्या बागायतीच्या तंट्यात मुद्रांकित कागदावरचा पोर्तुगीज अर्ज, त्याच जमिनीच्या खंडाची मोडी पावती आणि रोमी लिपीतील कोंकणी पत्र एकाच घडीत सापडते. अर्जावर दिनांक आणि साल असते, पण पावतीवर पुष्कळदा केवळ ‘कार्तिक वद्य पंचमी’ एवढेच असते. तिचे वर्ष शेजारचा अर्ज सांगतो. दोन्ही वेगळे झाले, की ते वर्ष कळण्याचा मार्ग बहुधा कायमचा बंद होतो. (शक दिलेला असल्यास त्यात 78 मिळवावेत, पौषात इसवी सन पालटल्यावर 79, शके 1770 चा कार्तिक म्हणजे 1848.)

म्हणून पुन्हा सांगतो: आधी छायाचित्र, मग नोंद, मग गाठ. यजमान चहासाठी हाक मारोत किंवा अंधार पडत येवो, हा क्रम बदलू नये. वेळच नसेल तर रुमाल न सोडता तसाच आणावा.

हा आमच्या मंडळाचा हट्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पणजीचे पुराभिलेखागार पाहावे. 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु यांची गोव्यातील दफ्तर सांभाळण्यासाठी नेमणूक झाली तेव्हापासून त्या संग्रहाची परंपरा सांगितली जाते. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे तेथील ग्रंथ ‘मोंसोंइश’ या नावाने ओळखले जातात, कारण मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर ती पत्रे येत-जात असत. विषयवार फोडून ती पुन्हा लावली असती, तर कोणत्या हंगामात राजाला काय कळले होते आणि काय कळायचे होते, हे आज सांगता आले नसते.

मंडळात आणल्यावर कागद पंधरवडाभर वेगळ्या खोलीत ठेवावेत, म्हणजे वाळवी किंवा कसर असेल तर जुन्या संग्रहात शिरणार नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून त्या हळूच सोडवाव्यात. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर कदापि करू नये, आणि भिजलेला कागद उन्हात घालू नये. तो टिपकागदात ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा. फाटलेल्या कडा जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून जाणकाराकडूनच जोडून घ्याव्यात. बांधायला मांजरपाट वापरावे, मात्र ते आधी धुऊन त्यातील खळ पूर्ण काढावी, कारण त्या खळीवरच कसर येते. लाल कापड शोभते खरे, पण ओल लागली की रंग कागदावर उतरतो. जुनी माणसे वेखंडाची पुरचुंडी ठेवीत, ती ठेवण्यास हरकत नाही. ती कागदाला चिकटून मात्र नसावी.

खोलीतील आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही काटकसर सर्वांत घातक ठरते, कारण हवेतील चढउतार कागदाला अधिक बाधतात.

स्कॅन करावे, नावे द्यावीत आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. फायलीच्या नावात रुमालाचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक दोन्ही असावेत. छायाचित्र आणि नोंद नसेल तर ते क्रमांक येणार कोठून, हे वेगळे सांगायला नको. 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. ते परदेशी नातेवाइकांकडे धाडण्याची कल्पना कोणी मांडल्यास तेथेच थांबवावी.

बाकी किरकोळ. कपाट भिंतीपासून वीतभर दूर, खालचा खण रिकामा, आणि कौले मे महिन्यात तपासून घ्यावीत.