बोटीचं इंजिन बंद, माणसं पाण्याखाली: स्कूबाला जाणाऱ्या गटाने काय करावं

मालवण-तारकर्लीला दहा-बारा जणांचा गट स्कूबाला निघतो तेव्हा चौकशी होते ती दराची, पाणी किती स्वच्छ आहे याची आणि पाण्याखालच्या व्हिडिओची. बोटीच्या इंजिनाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. इंजिन बंद पडलं की लगेच कोणी बुडत नाही. घात होतो तो पुढच्या पाच मिनिटांत. सगळे इंजिनाभोवती गोळा होतात आणि तेवढ्यात बोट वाहत खडकाकडे जाते, नाहीतर पाण्यातल्या माणसांपासून लांब. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी नांगर, मग माणसं, मग इंजिन.

बंदरावरच बघून घ्यायच्या गोष्टी

शक्यतो भांगाच्या भरतीचे दिवस निवडा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि पाणी गढूळही होतं. सकाळी लवकर निघा. दुपारी वारा वाढतो आणि त्यात बंद बोट सांभाळणं कठीण जातं.

बोटीत चढण्यापूर्वी तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) नांगराचा दोर किती लांब आहे ते विचारा. इथे हिशेब असा: पाण्याची खोली अधिक बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची, गुणिले पाच. ८ मीटर पाणी आणि १ मीटर नाळ असेल तर ४५ मीटर दोर हवा, वारा असेल तर सातपट, म्हणजे ६३ मीटर. दोर आखूड असला की नांगर उभा ओढला जातो आणि रुतण्याऐवजी तळावरून घसरत जातो. नांगर आणि दोर यांच्यामध्ये दोन-तीन मीटर साखळी असेल तर ओढ आडवी राहते, नांगर जास्त चांगला धरतो.

इंधनाचा नियम तिहाईचा: एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५ ते २० लिटर पेट्रोल पितं. मालवणचे डाइव्हचे खडक जवळ आहेत, तिथे हे सहज जमतं. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जायचं तर एका बाजूचं अंतर १९ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे भरलेल्या बोटीला जवळपास तासभर. तिथे ६० लिटरपेक्षा कमी घेऊन निघू नये.

एका डब्यात हे सामान असावं: दोन नवे स्पार्क प्लग आणि त्यांचा पाना, इंजिन हाताने सुरू करायची जादा दोरी, इंधनाचा फिल्टर, पंखा (पाण्यात फिरून बोट ढकलणारा) बसवायच्या पिना, पक्कड, धारदार सुरी, किल-स्विचची जादा क्लिप (ही निघाली की इंजिन बंद होतं), टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल), जाळीचं नरसाळं. शिवाय दोन वल्ही, टॉर्च, शिट्ट्या, माणशी दोन लिटर जादा पाणी आणि खलाशांसकट मोजून तेवढी लाइफ जॅकेटं. वल्ही नसलेली बोट नाकारा. वल्ह्यांनी भरलेली बोट किनाऱ्याला नेता येणार नाही, पण तिचं तोंड वळवता येतं आणि खडकापासून ढकलून लांब ठेवता येतं.

प्रथमोपचाराचा ऑक्सिजनचा सिलिंडर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तो किती वेळ पुरेल ते काढा. ५ लिटरचा सिलिंडर १५० बार दाबाला भरलेला असेल तर ७५० लिटर ऑक्सिजन झाला. मिनिटाला १५ लिटर दिला तर ५० मिनिटं पुरतो. परतीला नेहमी २० मिनिटं लागत असतील तर तो भरपूर वाटतो. इंजिन बंद पडून दुसरी बोट यायला दीड तास लागला तर तोच अपुरा पडतो.

किनाऱ्यावर एक माणूस ठरवा. त्याच्याकडे बोटीचं नाव, माणसांची संख्या, जागा आणि परतीची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी फोन फिरवायचे तेही.

इंजिन थांबलं. पहिली पाच मिनिटं

सगळ्यात आधी माणसं पाण्यात आहेत का आणि बोट नांगरावर आहे का, हे बघा. पुढचं सगळं यावर ठरतं.

बोट नांगरावर आहे, डाइव्हर खाली आहेत आणि वरचं इंजिन सुरू होत नाही, तर घाई कसलीच नाही. खालच्यांना त्यांची डाइव्ह पूर्ण करू द्या. नांगर मात्र उचलू नका. इंजिन लागून नीट चालायला लागेपर्यंत नांगर तळालाच राहू द्या.

बोट सुटी असेल तर नांगर लगेच टाका, पण फेकू नका. बुडबुडे कुठे येताहेत ते बघून, त्यांच्यापासून बाजूला, हाताने सोडा. तो नाळेकडूनच सोडायचा. मागच्या बाजूला इंजिनामुळे बोट खाली बसलेली असते. तिथून नांगरली तर लाट थेट आत येते आणि बोट भरते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, एरवी नांगर वाळूतच टाकायचा. खडकावर आपटायची वेळ आली तर जिथे धरेल तिथे टाका.

वाऱ्याकडे लक्ष असू द्या. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, असताना बंद बोट भर समुद्राकडे सरकते. दुपारी खारा वारा तिला किनाऱ्याकडे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांकडे लोटतो. देवबागला कर्ली नदीच्या मुखापाशी, ओहोटीला लाटा फुटत असताना इंजिन बंद पडणं सगळ्यात वाईट. म्हणून त्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी नांगर मोकळा करून हाताशी ठेवावा.

आता माणसं. एकाला एकच काम द्या: वर आलेल्या डाइव्हरांकडे हात रोखून उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. बोटीच्या मागून ३० मीटर तरंगती दोरी सोडा आणि तिच्या टोकाला एखादा रिकामा कॅन बांधा. एक नॉटचा प्रवाह म्हणजे मिनिटाला जवळपास ३१ मीटर, दहा मिनिटांत ३०० मीटर. पूर्ण किट घातलेला माणूस त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही.

म्हणून पाण्यातल्यांनी बोटीमागे धावू नये. बीसीडी (हवा भरायचं डाइव्हरचं जॅकेट) फुगवायचं, एकमेकांना धरून राहायचं, फुगवायची खूण-नळी उभी करायची, शिट्टी वाजवायची. तरंगायला त्रास होत असेल तर वजनाचा पट्टा सोडून द्यायचा. तो पुन्हा विकत मिळतो. पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्यांच्या अंगावर यातलं बरंचसं साहित्य नसतं. त्यांचा सगळा भरवसा प्रशिक्षकावर असतो, त्यामुळे ते खाली असताना बोट नांगरलेलीच हवी.

बोटीतल्यांनी लाइफ जॅकेट घालून खाली बसावं. एका बाजूला गर्दी नको. सिलिंडर आडवे करून बांधून टाका.

मग इंजिन

सगळ्यात सोप्या कारणापासून सुरुवात करा, कारण बहुतेक वेळा तेच निघतं. किल-स्विचची क्लिप कोणाच्या तरी पायाने किंवा सिलिंडरने निघालेली असते. गिअर न्यूट्रलला नसेल तरी इंजिन लागत नाही.

त्यानंतर पेट्रोल. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तर इंजिन थोडा वेळ झकास चालतं आणि मग दम सोडत बंद पडतं, कारण टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. स्क्रू उघडताच सूं असा आवाज आला तर दुखणं तेच. नंतर नळीवरचा रबरी पंप, बाण वरच्या दिशेला धरून, दाबा. तो पटकन कडक झाला तर पेट्रोल पोहोचतंय. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर टाकी रिकामी आहे किंवा जोडातून हवा शिरतेय. चपटाच राहिला तर टाकीकडून येणारा रस्ता तुंबलाय. पारदर्शक फिल्टर असेल तर तळाशी बघा. पाणी पेट्रोलच्या खाली बसतं आणि दोन थर स्पष्ट दिसतात. ते पाणी बाटलीत काढा, समुद्रात ओतू नका.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर वारंवार ओढून इंजिन ओव्हरफ्लो झालंय. चोक बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग थ्रॉटल उघडून ओढा. तरी नाही लागलं तर प्लग काढून पुसा किंवा बदला. प्लग बाहेर असताना दोरी ओढायची असेल तर आधी किल-क्लिप काढा. उडणाऱ्या पेट्रोलवर ठिणगी पडली तर भडका उडतो. इंजिनाचे तेलकट हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला अजिबात लावू नका, तिथेही आगीचा धोका तसाच असतो.

इंजिन न्यूट्रलला चालतं आणि गिअर टाकताच मरतं, तेव्हा पंख्यात जाळं किंवा दोर अडकलेला असतो. मालवणच्या पाण्यात नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे वाहत असतातच. इंजिन बंद, क्लिप काढलेली, इंजिन वर उचललेलं, हातात मोजे, आणि मगच सुरी. इंजिन जोरात फिरतं पण बोट हलत नाही, तर पंख्याची पिन तुटली असेल किंवा आतलं रबर सुटलं असेल. पिन बदलता येते. रबर सुटलं असेल तर अगदी कमी वेगात बऱ्याचदा किनारा गाठता येतो.

गरम होऊन बंद पडलेल्या इंजिनाची खूण आधीच दिसते: मागून उडणारी पाण्याची बारीक धार थांबते. बहुधा पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. ती काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, वरून पाणी ओतू नका.

इंजिन लागलं तरी गिअर टाकण्यापूर्वी माणसं नावानिशी मोजा. कोणी पाण्यात असेल तर पंखा फिरवायचा नाही.

मदत मागताना

पंधरा मिनिटांत कारण सापडलं नाही तर कळवून टाका. नंतर इंजिन लागलंच तर 'आता गरज नाही' असं सांगता येतं. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, नाहीतर ११२. व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचा चॅनल. जिवाला लगेच धोका नसेल तर 'पॅन पॅन' तीनदा, असेल तर 'मेडे' तीनदा. पुढे बोटीचं नाव, जागा, एकूण माणसं, पाण्यात किती, काय बिघडलं आणि नांगरावर आहोत की वाहतोय.

जागा सांगताना एक चूक फार होते. फोनवर १६.०४ अंश दिसलं म्हणजे १६ अंश ४ मिनिटं नव्हे, ते १६ अंश २.४ मिनिटं आहे. एवढ्या फरकाने शोधणारी बोट जवळपास तीन किलोमीटर भलतीकडे जाते. आकडे दिसतात तसे, 'दशांश' असा शब्द लावून सांगा. नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो.

ओढून न्यायला बोट आली तर २०-३० मीटर दोर नाळेच्या भक्कम खुंटाला बांधा, इंजिन वर उचला, माणसं दोराच्या रेषेतून बाजूला मागे बसवा. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा परत येतो. वेग कमीच ठेवायला सांगा.

दुसरी डाइव्ह बाकी असेल तर बिघाडाचं कारण सापडलं असेल तरच करा. 'लागलं एकदाचं' एवढ्यावर नको. उशीर झाल्याने विमानाची वेळ जवळ आली असेल तर तिकीट बदला: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, आणि ते तास शेवटच्या डाइव्हमधून वर आल्यापासून मोजायचे.