अँबॅसिडरचे वायरिंग नव्याने करताना

मी हाती घेतलेल्या मार्क २ अँबॅसिडरमध्ये हॉर्नपासून मागच्या ब्रेकलाइटपर्यंत झाडून सगळ्या वायरी लाल होत्या. कधीतरी, कोणाच्या तरी दुकानात, त्या दिवशी लाल गुंडाळीच शिल्लक असावी. गाडी तशी चालत होती. पण एक दिवा विझला की कोणती वायर कुठून आली हे शोधण्यात अख्खी दुपार जाई. म्हणून जुन्या गाडीचे वायरिंग बदलताना केवळ नवी तांब्याची तार घालून भागत नाही, तर पुढच्या माणसाला ती वाचता येईल अशी घालावी लागते.

पहिले काम बॅटरी सोडवण्याचे. बॉडीला जोडलेली केबल आधी काढावी, म्हणजे दुसरे टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मात्र ही केबल निगेटिव्हचीच असेल असे गृहीत धरू नये. अँबॅसिडरचा आराखडा मॉरिस ऑक्सफर्डवरून आला आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडण्याची पद्धत होती. गाडी तशीच असेल आणि ती निगेटिव्ह अर्थवर, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले अशी, आणायची असेल, तर बॅटरी फिरवण्याबरोबरच इग्निशन कॉइलच्या (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या) दोन्ही वायरींची अदलाबदल करावी लागते, अ‍ॅमीटर (प्रवाह दाखवणारा मीटर) असल्यास त्याच्याही वायरी उलटाव्या लागतात आणि डायनामोला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, नवी ध्रुवता द्यावी लागते. त्यासाठी डायनामोवरच्या दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून आणलेली वायर डायनामोच्या लहान, म्हणजे ‘एफ’ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवायची. एवढ्याने काम होते.

त्यानंतर वायरीला हात लावण्याआधी कागद. प्रत्येक जोडाचा फोटो काढावा, प्रत्येक टोकाला कापडी पट्टीवर क्रमांक लिहून बांधावा आणि वहीत तो क्रमांक, रंग व ठिकाण यांची नोंद करावी. मोबाइलच्या फोटोत चॉकलेटी आणि जांभळा रंग चाळीस वर्षांच्या धुळीखाली सारखेच दिसतात, त्यामुळे वही टाळता येत नाही. मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर ओढून काढताना तिच्या टोकाला सुतळी बांधून ठेवावी; जुनी वायर बाहेर आली की सुतळी तिच्या वाटेत राहते आणि नवी वायर तिच्याच आधाराने आत ओढता येते. छताचे अस्तर आणि डॅशबोर्ड बसण्याआधी, पण रंगकाम झाल्यानंतर, ही या कामाची योग्य वेळ.

जुने हार्नेस (एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा) सरळ एका प्लायवूडवर पसरून, वळणांच्या ठिकाणी खिळे ठोकून, त्याबरहुकूम नवे बांधावे. रंगांसाठी जुनी ब्रिटिश पद्धत सोडू नये: चॉकलेटी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा पुरवठा, पांढरा म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा, हिरवा म्हणजे त्याच चावीचा पण फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा आणि काळा अर्थचा. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर हाय बीम, लाल रेघ असेल तर डिपर, म्हणजे खालचा झोत. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, पांढरी रेघ उजवा. रेघेची वायर बाजारात मिळाली नाही, तर मूळ रंगाच्या वायरीच्या दोन्ही टोकांना रेघेच्या रंगाची स्लीव्ह (छोटी नळी) चढवावी. काम तेवढेच नेमके होते.

वायरीची जाडी हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. ०.३० मिलिमीटर जाडीच्या १४ तारांची वायर सुमारे ८.७५ अँपिअर वाहते, २८ तारांची १७.५ आणि ४४ तारांची २७.५. घरगुती वायरिंगची जाड तारांची वायर स्वस्त पडते, पण ती गाडीच्या कंपनांत काही वर्षांत जोडापाशी तुटते. आता हेडलाइटचे उदाहरण घेऊ. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात. ४ मीटर लांबीची, १ चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर तेवढ्या प्रवाहाला तिच्यातच जवळपास ०.७ व्होल्ट खर्च होतो, २.५ चौरस मिलिमीटरची घातली तर ०.३ व्होल्टच्याही आत राहतो. स्विच आणि जोड यांतला तोटा वेगळा. व्होल्टेज थोडे घटले तरी उजेड त्याहून कितीतरी अधिक घटतो, आणि घाटात रात्री हे चांगले जाणवते.

म्हणून हेडलाइटसाठी दोन रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवावेत असे माझे स्पष्ट मत आहे, मग मूळपणाचा आग्रह धरणारे काहीही म्हणोत. रिलेच्या ३० क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला जुन्या स्विचकडून आलेली वायर आणि ८५ ला अर्थ. स्विचमधून मग अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो आणि त्याचे संपर्क जळत नाहीत. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा पेटता राहतो. पण १०० वॉटचे बल्ब घालण्याचा मोह आवरावा. जुना डायनामो भर वेगात फार तर २०-२२ अँपिअर देतो.

मूळच्या फ्यूज पेटीत दोनच फ्यूज असत आणि हेडलाइट त्यांच्या बाहेर. त्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर हे तो उडण्याचे माप आहे. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, सुमारे १७. हे न कळल्यामुळे त्या जागी ३५ चा आजचा ब्लेड फ्यूज टाकला जातो आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते. १५ किंवा २० चा पुरेसा आहे.

जोड करताना डाग देण्यापेक्षा (सोल्डर करण्यापेक्षा) चांगल्या प्लायरने क्रिम्प करावे, म्हणजे धातूचे टोक वायरीवर दाबून बसवावे, आणि ओढून पाहावे. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनाने नेमका त्याच्या कडेला तुटतो. बांधणीला गोंद नसलेली हार्नेस टेप वापरावी. साधी काळी टेप एप्रिल-मेच्या उन्हात पाघळते आणि सगळे चिकट होते. पत्र्यातून वायर जाईल त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारे कडे) हवाच.

नव्याने रंगवलेल्या गाडीत सर्वांत जास्त छळतो तो अर्थ. सुंदर रंगाच्या थरावर स्क्रू आवळला की वीज परत जायला वाट राहत नाही. मग इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवाही मंद उघडझाप करतो, कारण प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. अर्थच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालावा आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन रबरावर बसलेले असते, त्यामुळे इंजिन ते बॉडी ही विणलेली पट्टीही तितकीच आवश्यक आहे. मी एकदा ती विसरलो होतो. सेल्फ मारला, इंजिन कण्हल्यासारखे अर्धवट फिरले, आणि चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापून तिच्या आवरणातून धूर येऊ लागला. सेल्फचा सगळा प्रवाह त्या बिचाऱ्या केबलमधून परत जात होता.

बॅटरी जोडताना थेट जोडू नये. बॅटरीचे अर्थचे टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावावा. सगळे स्विच बंद असताना तो पेटता कामा नये. मग पार्किंग, ब्रेक असे एकेक लावून पाहावे. बल्ब मंद लागला तर तो उपकरणाचा भार, पूर्ण प्रखर लागला आणि उपकरण निपचित राहिले, तर त्या वायरीत शॉर्ट आहे असे समजून तिथेच थांबावे. सेल्फ, हॉर्न आणि हेडलाइट मात्र या पद्धतीने तपासता येत नाहीत; ते इतका प्रवाह ओढतात की शॉर्ट नसतानाही बल्ब प्रखर लागतो. हे सगळे निस्तरल्यावरच केबल पक्की आवळावी, इंजिन सुरू करावे आणि रात्रीच्या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जोड बोटाने चाचपावा. कोमट लागणारा जोड पुन्हा करावा. इंजिन आयडलवर असताना चार्जिंगचा लाल दिवा मंद लुकलुकतो, तो डायनामोचा स्वभाव आहे. वेग वाढवल्यावर तो विझत असेल, तर त्यापायी नवे वायरिंग पुन्हा उसवू नये.